सुंदर खुनी, कुरूप खुनी

शनिवारी सकाळी चहाबरोबर कागदावरचा पेपर वाचायची सवय अजून सुटलेली नाही. (आठवडाभर सगळं मोबाइलवरच असतं, पण शनिवारी बोटांना शाई लागल्याशिवाय वीकएन्ड सुरू झाल्यासारखं वाटत नाही.) तर परवा आतल्या पानावर एक कॉलमी बातमी होती. मथळा नेहमीचाच, 'प्रियकराच्या मदतीने पतीचा काटा काढला'.

वाचून मी पान उलटलंसुद्धा. मग एकदम वाटलं, अरे, हे वाक्य आपण आजवर किती वेळा वाचलंय? गावाचं नाव तेवढं बदलतं, बाकी सगळं कॉपी-पेस्ट. मग उलट बाजूचा मथळा आठवून बघितला. नवऱ्याने बायकोला मारलं तर काय छापतात? 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. तोही पाठ आहे आपल्याला.

आता हे दोन मथळे शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्यात बाईने मारलंय, दुसऱ्यात बाई मेलीय. पण दोन्हींत चारित्र्य निघालंय ते तिचंच! मारणारा पुरुष कसा होता, याबद्दल मथळ्यात चकार शब्द नाही.

हा आपल्याकडचाच प्रकार असेल असं मला आधी वाटलं. मग 'शिकागो' आठवला. 2002 सालचा तो सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. गाणी, नाच, तुरुंगातल्या खुनी बायका आणि त्यांना सोडवणारा बेरकी वकील. सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट सहा ऑस्कर मिळाले होते त्याला. मला तेव्हा ती निव्वळ कल्पनेची भरारी वाटली होती. पण ती गोष्ट 1924 साली शिकागोत घडलेल्या खटल्यांवरून घेतलीय, आणि ते खटले कव्हर करणाऱ्या वार्ताहर बाईनेच ती पहिल्यांदा लिहिली. गेले दोन-तीन वीकएन्ड मी याच्यामागे लागलो होतो. आणि सगळं वाचून झाल्यावर डोक्यात जी बाई राहिली ती सिनेमाची हिरॉइन नव्हे. ती भलतीच निघाली.

*

आधी थोडं वातावरण. 1920चं दशक, अमेरिकेत दारूबंदी, आणि त्यामुळे चोरट्या दारूचा धंदा तेजीत. शिकागोत तेव्हा सहा मोठी इंग्रजी दैनिकं निघायची, दोन सकाळची आणि चार संध्याकाळची. टीव्ही नाही, रेडिओ नुकता कुठे घरांत शिरत होता. म्हणजे ज्याचा मथळा चटकदार त्याचा अंक खपणार, हा सरळ हिशेब.

शिकागो ज्या कुक काउंटीत येतं तिथल्या तुरुंगाच्या बायकांच्या विभागात त्या काळात खुनाचा आरोप असलेल्या बऱ्याच जणी होत्या. बहुतेकींवर नवऱ्याला किंवा प्रियकराला मारल्याचा आळ. पेपरवाल्यांनी त्या विभागाला नावच ठेवलं होतं, 'मर्डरेस रो', म्हणजे खुनी बायकांची आळी. आज नटनट्यांच्या बिल्डिंगखाली कॅमेरेवाले उभे असतात ना, तसे वार्ताहर तिथे चकरा मारायचे. आज कोणी काय घातलं, कोणाला फुलं आली, कोण रडली.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. खटल्याचा निकाल द्यायचा बारा जणांच्या ज्युरीने, आणि हे बाराच्या बारा पुरुष. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क 1920 साली देशभर मिळाला होता, पण इलिनॉय राज्यात ज्युरीवर बसायला त्यांना 1939 साल उजाडावं लागलं. थोडक्यात, बाईने कोणाला मारलं तर ती निर्दोष आहे का हे ठरवणार बारा पुरुष, आणि ते पुरुष रोज सकाळ-संध्याकाळ पेपर वाचून कोर्टात आलेले.

*

आता ती बाई. तिचं नाव सबेला नित्ती.

दक्षिण इटलीतल्या बारी शहराच्या परिसरातून आलेलं हे कुटुंब शिकागोबाहेर स्टिकनी नावाच्या भागात भाजीपाल्याची शेती करायचं. सबेला चाळिशीतली. जन्मभर शेतात राबलेली, उन्हाने रापलेली, हात खरखरीत, केस विस्कटलेले. 1922 च्या जुलैमध्ये तिचा नवरा फ्रँक बेपत्ता झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिने शेतावर राहणाऱ्या पीटर क्रुडेल नावाच्या माणसाशी लग्न केलं. आणि मे 1923 मध्ये एका सांडपाण्याच्या गटारात एक सडलेलं प्रेत सापडलं. ओळखण्यापलीकडे गेलेलं. हा फ्रँकच, असं पोलिसांनी ठरवलं, ते मुख्यतः एका अंगठीच्या आधारावर. सबेलाच्या किशोरवयीन मुलाचा जबाब घेतला, आणि सबेला आणि क्रुडेल या दोघांवर खटला उभा राहिला.

जुलै 1923 मध्ये ज्युरीने निकाल दिला. दोघांनाही फाशी. कुक काउंटीत बाईला फाशी सुनावली गेल्याची ही पहिलीच वेळ होती.

आता यातली सगळ्यात भयंकर गोष्ट सांगतो. हा निकाल सबेलाला कळलाच नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं. दुभाष्या होता, पण ती बोलायची बारीकडची बोली, जी साध्या इटालियनपेक्षा बरीच वेगळी आहे. अहिराणीशिवाय दुसरं काही न बोललेली एखादी म्हातारी आणि तिच्यासमोर पुण्याचं छापील मराठी बोलणारा दुभाष्या, असं काहीसं समजा. तेसुद्धा फाशीच्या खटल्यात! कोर्टात आपल्या गळ्याचा फैसला झालाय हे तिला नंतर कोणीतरी समजावून सांगितल्यावर कळलं.

आणि पेपर काय लिहीत होते? 'शिकागो ट्रिब्यून'ची जेनेव्हीव्ह फोर्ब्ज नावाची वार्ताहर हा खटला कव्हर करत होती. चांगली नावाजलेली वार्ताहर. तिच्या बातमीतली सबेला म्हणजे मुकी, अंग चोरून बसलेली, जनावरासारखी इटालियन शेतकरीण. लक्षात घ्या, हे वर्णन अग्रलेखात नव्हतं, बातमीत होतं. सबेला गप्प बसायची कारण तिला काही समजत नव्हतं. पेपरने लिहिलं की ती मठ्ठ आहे. ती भेदरून आजूबाजूला बघायची. पेपरने लिहिलं की जनावर आहे. जो पुरावा कोर्टात कमी पडत होता तो तिच्या चेहऱ्याने भरून काढला.

*

फाशीची तारीख ठरली होती, 12 ऑक्टोबर 1923. पण मध्ये काही इटालियन-अमेरिकन वकील पडले. त्यात हेलन सिरीस नावाची एक विशीतली तरुणी होती. सगळ्यांनी मिळून वरच्या कोर्टात अपील केलं आणि फाशी थांबली.

अपील चालू असताना हेलनने तुरुंगात अजून एक काम केलं. तिने सबेलाचा अक्षरशः मेकओव्हर केला. केस कापून रंगवले, नीट बसवले. चेहऱ्याला क्रीम, हात मऊ करायचे उपाय, चांगला ड्रेस, टोपी, स्टॉकिंग्ज. शिवाय थोडंथोडं इंग्रजी शिकवलं. काही महिन्यांनी पेपरवाल्यांनी पुन्हा सबेलाला पाहिलं तेव्हा त्यांना धक्काच बसला. मग त्याच पेपरांत या बदलाच्या सुरस बातम्या आल्या.

हेलन हे का करत होती? कारण खटला पुन्हा चालला तर पुन्हा बारा पुरुष समोर बसणार होते. ती वकील होती, कायदा शिकलेली होती. पण कायद्याच्या पुस्तकाइतकाच कंगवाही लागेल हे तिने ओळखलं होतं. आणि तिचं चुकत नव्हतं, हे त्याच वर्षी शेजारच्या कोठड्यांत दिसणार होतं.

*

1924 च्या सुरुवातीला 'ट्रिब्यून'मध्ये एक नवी वार्ताहर लागली. मॉरीन वॉटकिन्स, वय सत्तावीस, अनुभव जवळजवळ शून्य. तिला मर्डरेस रोची बीट मिळाली.

मार्चमध्ये पहिली केस आली. बेल्वा गर्टनर, एकेकाळची कॅबरे गायिका, वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्या एका श्रीमंत कारखानदाराची घटस्फोटित बायको. तिच्या गाडीत वॉल्टर लॉ नावाचा मोटारविक्रेता गोळी लागून मेलेला सापडला. शेजारी पिस्तूल आणि जिनची बाटली. लॉला बायको होती, लहान मूल होतं. बेल्वाचं म्हणणं एवढंच, की मी प्यायले होते, मला काही आठवत नाही.

मॉरीन तिला तुरुंगात भेटली. बेल्वाने तिला ऐकवलं, की जिन आणि बंदूक, एकेकटी असली तरी वाईटच, दोन्ही एकत्र आल्या की विचारूच नका. वर हेही, की कुठलाही पुरुष जीव घेण्याच्या लायकीचा नसतो, कारण दुसरे मिळतातच. मॉरीनने हे जसंच्या तसं छापलं. वाचक खूश!

3 एप्रिलला दुसरी केस. बीउला ॲनन, चोवीस-पंचवीसची, दिसायला देखणी, नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. बीउला ज्या लॉन्ड्रीत नोकरीला होती तिथलाच हॅरी कॅल्स्टेड तिचा प्रियकर. नवरा कामावर गेलेला असताना तिच्या घरात हॅरीला गोळी लागली, तीही पाठीत. त्यानंतर तिने लगेच कोणालाही फोन केला नाही. काही तास ग्रामोफोनवर 'हुला लू' नावाची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावत राहिली. मग नवऱ्याला फोन केला, की एक माणूस माझ्या अंगावर आला म्हणून मी गोळी झाडली.

बीउलाने या घटनेची तीन व्हर्जन्स दिली. पहिलं, तो अंगावर आला. दुसरं (पोलिसांनी रात्रभर विचारल्यावर), तो मला सोडून चालला होता. तिसरं, जे कोर्टात वापरलं, दोघांनीही एकदम बंदुकीकडे हात नेला आणि माझा आधी पोचला. मध्ये, खटल्याच्या काही दिवस आधी, तिने आपण गरोदर असल्याचं जाहीर केलं. (ते मूल पुढे कधी जन्माला आलं नाही.)

मॉरीनच्या बातम्यांत बीउला झाली मर्डरेस रोमधली सगळ्यात सुंदर, आणि बेल्वा झाली सगळ्यात स्टायलिश. अगदी स्पर्धेचे किताब वाटावेत तसे. मे महिन्यात बीउलाचा खटला चालला. 24 मेच्या रात्री ज्युरीने दोन तासांच्या आत तिला निर्दोष सोडलं. तिने ज्युरीतल्या लोकांचे आभार मानले, त्यांच्याबरोबर फोटो काढला. आणि दोन दिवसांत जाहीर केलं की मी नवऱ्याला सोडतेय. या नवऱ्याने वकिलांच्या फीपायी असलेले नसलेले पैसे घातले होते. जूनमध्ये बेल्वाही सुटली.

आणि कॅथरीन माल्म? हिचं नाव सिनेमात नाही. विशीच्या आतबाहेरची गरीब मुलगी. एका दरोड्याच्या प्रयत्नात रात्रीचा पहारेकरी मारला गेला, त्यात ती होती. पेपरांनी तिला वाघीण म्हटलं, लांडगीण म्हटलं. फेब्रुवारी 1924 मध्ये तिला जन्मठेप झाली आणि 1932 साली ती तुरुंगातच वारली. तिच्या गुन्ह्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच आळीत एकीला सौंदर्याचा किताब आणि दुसरीला प्राण्याचं नाव, ही वाटणी कोणी केली? ती झाली वार्ताहरांच्या टाइपरायटरवर.

*

मॉरीनबद्दल एक सांगायला हवं. ती भाबडी नव्हती. त्या काळात 'सॉब सिस्टर' नावाची वार्ताहरांची एक जातच होती. आरोपी बाईबद्दल रडकं, कळवळून लिहिणाऱ्या. मॉरीन त्यातली नव्हती. बीउला आणि बेल्वा या दोघींनीही खून केलाय अशी तिची खात्री होती. ती लिहायची ते सगळं तिरकस. बीउलाच्या डोळ्यांचं आणि ड्रेसचं वर्णन ती करायची ते ज्युरीची टर उडवायला. बघा, हे बारा शहाणे कशावर भाळतायत!

पण झालं उलटंच. तिरकसपणा समजला थोड्यांना. बाकीच्यांना समजलं एवढंच, की बीउला फार सुंदर आहे. म्हणजे टर उडवण्यासाठी लिहिलेल्या बातम्यांनीच बीउलाला शहरभर प्रसिद्ध केलं. उपरोध हा मोठा बेभरवशाचा प्रकार आहे. (ज्यांनी ऑफिसच्या ग्रुप मेलमध्ये कधी विनोद केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको :-))

मॉरीनने काही महिन्यांतच नोकरी सोडली, नाट्यलेखन शिकली आणि या सगळ्यावर 'शिकागो' नावाचं नाटक लिहिलं. 30 डिसेंबर 1926 ला ते न्यूयॉर्कमध्ये लागलं आणि 172 प्रयोग झाले. 1927 साली त्यावर मूकपट निघाला. बीउला 1928 च्या मार्चमध्ये क्षयाने गेली, तिशीही गाठली नाही. पुढे बॉब फॉसीला त्या नाटकाचं म्युझिकल करायचं होतं, पण मॉरीनने शेवटपर्यंत हक्क दिले नाहीत. 1969 साली ती गेल्यावर ते मिळाले, 1975 साली म्युझिकल आलं, 1996 साली पुन्हा नव्याने आलं आणि पंचवीस वर्षांहून जास्त चाललं. मग 2002 चा सिनेमा. न्यायाची थट्टा होते म्हणून चिडून लिहिलेली गोष्ट शेवटी तिकीट काढून टाळ्या वाजवायची गोष्ट झाली.

*

आता सबेलाकडे परत. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे.

एप्रिल 1924 मध्ये, म्हणजे बीउलाने हॅरीला मारलं त्याच महिन्यात, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सबेला आणि क्रुडेलची शिक्षा रद्द केली. कारण साधं होतं. शिक्षा टिकेल इतका पुरावाच नव्हता, आणि त्यांच्या पहिल्या वकिलाने बचाव धडपणे केलेला नव्हता. जूनमध्ये सबेला जामिनावर बाहेर आली आणि वर्ष संपता संपता सरकारी पक्षाने केस सोडून दिली.

लोकप्रिय गोष्ट अशी सांगितली जाते की मेकओव्हरने सबेलाला वाचवलं. ऐकायला छान आहे. पण जरा थांबून विचार करा. अपील कोर्टातले न्यायाधीश आरोपीला बघत नाहीत. ते बघतात खटल्याची नोंद. कोण साक्षीदार काय बोलला, कोणता पुरावा आला, वकिलाने कुठे हरकत घेतली आणि कुठे घ्यायला हवी होती पण घेतली नाही. त्यांच्यासमोर सबेलाचे केस नव्हते, ना आधीचे विस्कटलेले, ना नंतरचे रंगवलेले. समोर होता फक्त कागद. बारा जणांनी तिच्याकडे बघून तिला फासावर चढवायचं ठरवलं, आणि ज्यांनी तिला पाहिलंच नाही त्यांना कागदावर खून सापडला नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत सगळे ठरवून मोकळे होतात की हे अमक्यानेच केलं असणार, त्याचा कोड तसलाच असतो. मग कोणीतरी शांत माणूस लॉग उघडतो. ओळीन् ओळ वाचतो. आणि निघतं भलतंच. इलिनॉयच्या त्या न्यायाधीशांनी लॉग वाचले, बस्. यात फार थोर काही नाही. पण तेवढं कोणीतरी करेपर्यंत एक बाई नऊ-दहा महिने फाशीच्या सावलीत बसून होती.

मग हेलनचा कंगवा फुकट गेला का? नाही. वरच्या कोर्टाने केस परत खाली पाठवली होती, खटला पुन्हा चालू शकत होता. पण सरकारी पक्षाने तो चालवलाच नाही. नव्या रूपातल्या सबेलाला बारा पुरुषांसमोर उभं करून फाशी मिळवणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नव्हतं. कायद्याने तिला वाचवलं हे खरं, पण कायद्यावर विसंबून न राहणाऱ्या वकिलीण बाईंचा शहाणपणाही तितकाच खरा.

आणि सिनेमात या सबेलाचं काय केलंय? तुम्हाला ती हंगेरियन कैदी आठवते का, जिला इंग्रजीत धड दोन शब्दही बोलता येत नाहीत? ती सबेलावरून घेतलीय. सिनेमात तिला फाशी होते. गोष्टीला कोणीतरी निष्पाप मरायला हवं होतं म्हणून मारली. खरी सबेला सुटली, घरी गेली. पण आज जगाला ठाऊक आहे ती फासावर गेलेलीच.

*

इथे कोणी म्हणेल, म्हणजे सार एवढंच ना, की सुंदर बाई सुटते आणि कुरूप बाई अडकते? मलाही तसंच वाटलं होतं. मग न्यूयॉर्कची रूथ स्नायडर वाचली.

मार्च 1927 मध्ये रूथने जड ग्रे नावाच्या प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारलं. (आपला मथळा तंतोतंत!) नवऱ्याचा विमा तिने आधीच उतरवून ठेवला होता. रूथ सोनेरी केसांची, नीटनेटकी, तिशीतली. शिकागोच्या हिशेबाने सुटायला हवी होती. पण पेपरांना तिचा चेहरा थंड वाटला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं 'ग्रॅनाइट वुमन', दगडाची बाई. आणि ग्रे? तो बिचारा मऊ मेणाचा, तिने हवा तसा वळवला. खून दोघांनी मिळून केलेला, शिक्षाही दोघांना झाली, पण गोष्टीत दगड एक आणि मेण दुसरा.

12 जानेवारी 1928 ला सिंग सिंग तुरुंगात दोघांना विजेच्या खुर्चीवर बसवलं. तिथे फोटो काढायला बंदी होती. 'डेली न्यूज'च्या टॉम हॉवर्ड नावाच्या फोटोग्राफरने घोट्याला छोटा कॅमेरा बांधून आत नेला आणि ऐन क्षणी पँट वर सरकवून फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी पहिलं पान भरून तो फोटो, वर एकच शब्द : 'डेड!' फोटो रूथचा. त्याच रात्री त्याच खुर्चीवर ग्रेही मेला, पण इतिहासात राहिलेला फोटो तिचाच.

रूथने खून केला होता यात काही शंका नाही. मुद्दा तो नाहीये. मुद्दा हा, की सौंदर्य वाचवतं असा काही नियम नाही. पेपर आधी ठरवतो की ही कसली बाई आहे. भोळी, छचोर, जनावर, दगड. मग सगळे तपशील त्या डबीत बसवले जातात. शांत राहिली तर थंड, रडली तर नाटकी, काहीच समजलं नाही म्हणून गप्प बसली तर मठ्ठ. नक्की काय घडलं हा प्रश्न तोवर मागच्या पानावर गेलेला असतो.

आणि अजून एक गोष्ट मागे जाते. वॉल्टर लॉ कोण होता? हॅरी कॅल्स्टेड पाठीत गोळी घेऊन तासन् तास पडला होता, त्याच्याबद्दल कोणाला काय आठवतं? 'हुला लू' सगळ्यांना आठवतं. गटारात सापडलेल्या त्या माणसाचं काय झालं ते तर कोणालाच कळलं नाही, कारण सबेलाला धरून सगळे मोकळे झाले होते. चुकीच्या माणसाला पकडलं की खरं उत्तर शोधणं बंद होतं. फाशीपेक्षा हे नुकसान कमी दिसतं, पण आहे खरं.

म्हणूनच मला तो 'काटा' हा शब्द आता खुपतोय. 'काटा काढला' म्हटलं की मेलेला माणूस माणूस उरत नाही, कोणाच्या तरी वाटेतली अडचण होऊन जातो. आणि मारणारी (किंवा मारल्याचा आरोप असलेली, कारण बातमी येते तेव्हा खटला उभाही राहिलेला नसतो) एका सवयीच्या गोष्टीतलं पात्र होते. चार शब्दांत दोन माणसं गायब!

असो. मी काही पेपर बंद करणार नाही, खुनाच्या बातम्या वाचायचंही सोडणार नाही, खोटं कशाला बोला. पण आता पुढच्या वेळी तो मथळा दिसला की बातमीतून ती कशी दिसते, कशी राहायची, कोणाशी बोलायची ही सगळी वाक्यं मनातल्या मनात खोडून बघणार आहे. खोडल्यावर काय उरतं ते बघायचं. परवाच्या बातमीवर करून पाहिलं. तारीख, गावाचं नाव आणि 'पोलीस पुढील तपास करीत आहेत', एवढंच उरलं.

तुम्हीही उद्याच्या पेपरवर करून बघा.